मडक्याचं पोट

पोलादपूरच्या एसटी थांब्यासमोर माझं मडक्यांचं दुकान होतं. महाडच्या गाडीची वाट पाहणारे एक ड्रॉइंग मास्तर रोज माझ्या पायरीवर बसून मडकी कागदावर काढायचे, विकत एकही घ्यायचे नाहीत. एकदा मी भडकलो, "घ्यायचं नाय तर बघता कशाला?"

त्यांनी पेन्सिलच माझ्या हातात दिली. "शेठ, सावली तुम्ही भरा. उजेडाची जागा कोरी सोडा."

थोरल्या भावानं शाळा सोडवून मला दुकानात बसवलं, तो राग अजून मनात होता. कडेनं पेन्सिल घासत गेलो आणि सपाट गोलाला पोट आलं.

"जमतंय की!" मास्तर म्हणाले.

उद्या शिकवाल का, असं विचारायचं होतं. पण गिऱ्हाइकं हसत होती. मी ओरडलो, "उद्यापासून दुसरीकडं बसा."

ते पलीकडच्या पारावर बसू लागले. दुकानातून त्यांचा हलणारा हात दिसायचा; कागद दिसायचा नाही.