टेलपासनं वर

मला ‘ए टेल’ म्हणून हाक मारणारा पोरगा एक दिवस ‘ताई, ताई’ करत माझ्या खुर्चीमागं उभा राहिला. तेव्हा मी त्याला काय दिलं ते सांगते. आधीच सांगून ठेवते, मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. माझी नणंद हे ऐकून म्हणाली, “एका खेळापायी एवढं मनात धरायचं?” धरायचं. का नाही धरायचं?

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या पार शेवटच्या चारीवर. कालवा माळेगाव, बारामती, काटेवाडी असं सगळ्यांना भिजवत खाली येतो, आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात पाण्यापेक्षा शेवाळच जास्त उरतं. वरचे ते हेडचे, खालचे आम्ही टेलचे. नियम असा आहे की पाणी टेलपासून वर द्यायचं. आधी शेवटचं रान भिजवायचं, मग त्याच्या वरचं, आणि हेडवाल्यानं सगळ्यांत शेवटी घ्यायचं. नियम छान आहे. तो पाळलेला आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बारामतीला कॉलेजात होते आणि जळोचीला मावशीकडं राहत होते. स्टँडच्या मागं एका कॉम्प्युटर क्लासवाल्यानं नवीनच इंटरनेट घेतलं होतं. एका फोनच्या लायनीवर चार मशीन. मोडेम किंचाळायचा, मग एकदाचं लागायचं. तिथं आम्ही एक खेळ खेळायचो. त्यात चित्रबित्र काही नव्हतं. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजी वाक्यं, तुम्ही गुहेत उभे आहात, समोर राक्षस आहे. आपण हुकूम टाइप करायचा. पण जगभरातली माणसं त्याच गुहेत एका वेळी उभी असायची, आणि तुम्ही टाइप केलेलं त्यांना दिसायचं. इंदापूरच्या पोरीला हे दिसल्यावर घरी जावंसं वाटेल का?

खेळात प्रत्येकाचं एक काम. कुणी तलवारीनं लढायचं, कुणी लांबून बाण मारायचे. मी वैदीण होते, खेळात तिला ‘हीलर’ म्हणतात. लढणाऱ्यांच्या जखमा मंत्रानं भरायच्या, एवढंच माझं काम. मंत्राची शक्ती मोजकीच. संपली की खाली बसायचं आणि ती परत भरायची वाट बघायची. सगळ्यांना एकदम पुरत नाही, म्हणून कुणाला द्यायचं आणि कुणाला थांबवायचं हे डोकं लावून ठरवावं लागतं. आमच्यातल्या पोरांनी याला लगेच ‘पाणी सोडणं’ असं नाव पाडलं. “पाणी सोड गं!” म्हणजे माझी जखम भर.

आमच्या टोळीचा म्होरक्या क्लासवाल्याचा पुतण्या होता. गाव माळेगावच्या अंगाला, आणि कालवा ह्यांच्या बांधाला लागून. म्हणजे अगदी हेड. पहिल्या नंबरचं चांगलं मशीन त्याचं, आणि दारामागचं, ज्याचं एक-एक अक्षर दाबताना बोट दुखायचं, ते माझं. टोळीत तो, मी, काटेवाडीचा एक तिरंदाज, आणि बाकी परदेशातली माणसं. त्यातला एक म्हातारा कुठल्याशा बर्फाच्या देशात शाळामास्तर होता आणि माझ्यासारखाच वैद्य होता. म्होरक्या लढायला पुढं असायचा हे कबूल करते. पण त्याचं एकच पालुपद, “ए टेल, आधी मला!” दुसरा मरायला टेकला असला तरी आधी त्याला, आणि त्याला ओरखडा आला तरी आधी त्यालाच.

हिवाळ्यात आम्ही एका मोठ्या गुहेवर धाड घातली, मास्तर त्या दिवशी नव्हते. तळाला एक राक्षस बसलेला. मागून लहान-लहान जनावरं माझ्यावरच तुटून पडली. मी टाइप केलं, मला थोडं घेऊ दे. पहिल्या मशीनवरनं म्होरक्या ओरडला, “तुला काय करायचंय? आधी मला सोड!” मी सोडलं. शेवटचा थेंब त्याला घातला. राक्षस पडला आणि त्याच्या आधी मी पडले.

त्या खेळात मेलं की आपण देवळात उघडे-बोडके जागे होतो. आपलं शरीर आणि त्यावरची सगळी मिळकत जिथं मेलो तिथंच पडून राहते. ठरावीक वेळात ती कुणी आणली नाही, किंवा मोठ्या वैद्यानं आपल्याला तिथंच उठवलं नाही, तर शरीर कुजून धूळ होतं, आणि त्यातलं सगळं जातं. माझ्या शरीरावर एक काठी होती. दिवाळीपासून खेळातल्या त्याच देवळात सेवा करून मिळवलेली. मी म्हटलं, “मला तिथवर न्या. मी एकटी पोचणार नाही.”

म्होरक्या राक्षसाचं सोनंनाणं गोळा करत होता. मान न वळवता म्हणाला, “काय हाय त्यात? एक काठी आन् एक झगा. नवीन घे की.”

“अरे पण कुजेल ते.”

“कुजू दे. हीलर काय, बोटं असली की झालं.”

काटेवाडीकर काहीतरी बोलायला गेला, तर त्याला गप्प बसवलं. आणि माझ्या पडद्यावर वाक्य उमटलं की तुमच्या शरीराची धूळ झाली आहे. मी रडले. खोटं कशाला सांगू, चार मशीनच्या त्या खोलीत, अनोळखी लोकांसमोर, नाक ओढत रडले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्ये हा सगळ्यांना नक्कल करून दाखवत होता, टेल कशी रडली ते. पोरं टेबलं बडवून हसली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच क्षणी मी मनात म्हटलं, थांब लेका. तुझंही शरीर कधीतरी पडेल.

मग मी नव्यानं सुरुवात केली. दुपारी मावशी जेवून पडली की मी सायकल काढून स्टँडवर. बर्फाच्या देशातल्या म्हाताऱ्या मास्तरांनी मला शिकवलं. त्यांना फार बोलायची सवय नव्हती, मला तर इंग्रजी धड येत नव्हतं. पण कुणाची जखम थोडी वाट बघू शकते आणि कुणाची नाही हे त्यांनी मला दाखवून दिलं. उन्हाळा लागेपर्यंत मला मेलेल्याला उठवायची विद्या आली. तेवढ्यात मास्तरांचं खेळणं कमी झालं, आणि टोळीत ही विद्या येणारी मी एकटीच राहिले.

लगेच म्होरक्याची जीभ बदलली. ‘ए टेल’ गेलं, ‘ताई’ आलं. “ताई, ह्या रविवारी येणार ना? ताई, चहा सांगू का?” मी चहा घ्यायची. का सोडू? चहा पीत पीत मी त्याच्या नव्या तलवारीची चौकशी करायची. वर्षभर घासून त्यानं ती मिळवली होती, तिच्यासारखी दुसरी नव्हती म्हणे. मी म्हणायची, “जप हं.”

पुढच्या मोठ्या धाडीच्या आदल्या आठवड्यात मी गावाकडं गेले होते. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाळीचं पाणी, सुटलं होतं. आबा खोरं घेऊन चारीच्या तोंडाशी बसून होते. सकाळपासून नुसती ओल. दुपारी पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणारा माणूस, मोटरसायकलवरनं आला. गाडीवरनं न उतरताच म्हणाला, “आवर्तन संपलं, आबा. म्होरल्या टायमाला बघू.”

आबांनी विचारलं, “वरच्यांचं झालं का समद्यांचं?”

“त्यांचं झालं.”

आबा उठले. खोरं खांद्यावर टाकलं आणि घराकडं निघाले. मी मागनं चालत होते. एवढा मोठा माणूस, गावात ज्याच्या शब्दाला मान, आणि त्या मोटरसायकलवाल्यानं त्याच्यासाठी गाडीवरनं पाय खाली टेकवला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी धाड. ह्या वेळी गुहा आणखी खोल. मी तोंडाशी उभी राहिले, कारण उठवणारी मेली तर सगळेच गेले. मी टाइप केलं, थांबा, माझी शक्ती भरू दे. टाइप करून पुरलं नाही म्हणून तोंडानंही ओरडले, “थांब!” पण तलवार हातात आल्यावर हा कसला थांबतोय? सगळ्यांच्या आधी लूट आपल्याला मिळावी म्हणून आत घुसला, त्याच्यामागं बाकीचे ओढले गेले, आणि बघता बघता सगळे आडवे. मी एकटी जिवंत.

देवळात पाच जण उघडे उभे, आणि आत पाच शरीरं कुजायला लागलेली. त्यात दोन नवखी पोरं होती, टोळीत येऊन आठवडा झाला नसेल. मास्तर होते, कधी नव्हे ते त्या दिवशी आलेले. काटेवाडीकर होता. आणि ती तलवार अंगावर घेऊन हा होता.

“ताई, आधी मला उठव,” तो म्हणाला. “मी उठलो की बाकीच्यांना राखतो.”

मी म्हटलं, “टेलपासनं वर.”

“काय?”

“नियम हाय. टेलपासनं वर.”

काटेवाडीकर फिस्सकन हसला आणि त्यानं तोंडावर हात धरला. मी आधी सगळ्यांत धाकट्या नवख्याला उठवलं. शक्ती संपली. बसले, भरू दिली. मग दुसऱ्या नवख्याला. परत बसले. माझी बोटं भराभर चालली होती, एकही क्षण मी वाया घालवला नाही, कुणीही उगाच बोट दाखवायला नको. मग मास्तरांना उठवलं. त्यांनी पडद्यावर फक्त ‘थँक यू’ लिहिलं. मेलेला उठला की त्याची शक्ती भरायला तासभर लागतो, म्हणून ते दुसऱ्या कुणाला उठवू शकत नव्हते. मग काटेवाडी.

एव्हाना म्होरक्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आपली खुर्ची सोडून तो माझ्या मागं येऊन उभा राहिला. “ताई, लवकर. ताई, माझी तलवार हाय त्यात.”

“हाय ना. माझी काठी व्हती.”

“ती गोष्ट काढायची का आत्ता?”

“कवा काढू मग?”

मी बसले होते, शक्ती भरत होती. क्लासवाला काउंटरवरनं उठून आला. चहावाला पोऱ्या, गिऱ्हाईकं, सगळी खोली माझ्या त्या दारामागच्या भिकारड्या मशीनकडं बघत होती. आणि शक्ती भरली. पूर्ण भरली. त्याचं शरीर अजून तिथंच होतं. एक ओळ टाइप केली असती तर तो उठला असता. हे मला कळत होतं, त्यालाही दिसत होतं. त्यानं माझ्या खांद्यावरनं पडद्याकडं बोट केलं, “भरली, भरली! मार आता!”

मी कीबोर्डवरनं दोन्ही हात काढले आणि मांडीवर ठेवले.

“आवर्तन संपलं,” मी म्हटलं. “म्होरल्या टायमाला बघू.”

तो कीबोर्डवर झेपावला. पण माझा मंत्र कसा लिहायचा ते त्याला कुठं ठाऊक? हीलर काय, बोटं असली की झालं म्हणणारा तो. त्यानं काहीतरी ‘उठव’, ‘ऊठ’ असं इंग्रजीत बडवलं, खेळानं त्याला उत्तर दिलं की हा हुकूम समजला नाही. परत बडवलं. परत तेच. मग पडद्यावर वाक्य आलं. धूळ झाली.

तो रडला नाही, पण चेहरा असा झाला होता की कँटीनमध्ये नक्कल करायला मला पुष्कळ झालं असतं. मी केली नाही. गरजच पडली नाही, काटेवाडीकरानं केली. क्लासवाला मला म्हणाला, “उद्यापासनं हितं यायचं न्हाय.” मी म्हटलं, “बरं.” चप्पल घातली आणि निघाले. बाहेर असं ऊन होतं की डोळे उघडत नव्हते, आणि मी सायकलवर एकटीच हसत जळोचीला गेले. टोळी पुढं मोडली असं कानावर आलं. मोडू दे. मला वैदकीची आठवण येते, मास्तरांची येते. त्या टोळीची येत नाही.

पुढच्या आठवड्यात घरी गेले तेव्हा आबा गोठ्यासमोर बसले होते. ऊस वरनं पिवळा पडायला लागला होता, ते त्याच्याकडं बघत नव्हते. काय बोलावं कळेना, म्हणून मी त्यांना हेच सांगितलं. आबांनी कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता. गुहा, राक्षस, मेलेली माणसं उठवणं, सगळं त्यांनी पान खात मुकाट ऐकलं. मला वाटलं, म्हणतील, कॉलेजला पाठवलं ते हे करायला का?

शेवटी पिंक टाकून त्यांनी एकच विचारलं, “हेडचा व्हता का त्यो?”

“व्हय.”

“पाणी व्हतं तुझ्याकडं?”

“भरपूर व्हतं.”

“आन् दिलं न्हाईस?”

“न्हाय दिलं. म्हटलं, आवर्तन संपलं.”

आबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग आत तोंड करून आईला ओरडले, “अगं, हिकडं ये. च्या ठेव.” आई येऊन उंबऱ्यात उभी राहिली, तसे ते खाटेवर सरकून बसले आणि मला म्हणाले, “आता परत सांग. पैल्यापासनं सांग.”