कृष्णाजीअण्णांनी मापलेल्या चौदा खिडक्या

कृष्णाजीअण्णा माप घ्यायला निघाले की खांद्यावर कळकाच्या पातळ पट्ट्यांचा भारा असायचा. टेप नाही, वही नाही. बंगळूरात तीन पिढ्या काढलेलं मराठी घर. बापसुद्धा बंगल्यांच्या खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपाच बसवायचा. पद्धत बापाचीच. एका खिडकीला एक पट्टी. चौकटीत धरायची, चाकूने खाच पाडायची, झालं माप. "आकडा तोंडात आला की चुकतो," अण्णा म्हणायचे. "खाच चुकत नाही."

मी त्याच कारखान्यात रंधा मारायचो आणि युनियन चालवायचो. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पेपर वाचवाचून अक्षरं गिरवली होती, आणि ती चार लोकांना दाखवल्याशिवाय मला अन्न पचत नसे.

बासष्ट साली मालक श्रीधररावांनी फर्मान काढलं: पुढच्या महिन्यापासून मापं मीटरमध्ये, कागदावर. जमत नसेल त्याने घरी बसावं. रोख कुणावर होता ते सगळ्यांना कळलं. मी गेटावर ओरडलो, "कृष्णाजीअण्णांना हात लावून तर बघा!" टाळ्या पडल्या.

तेवढ्यात छावणीतल्या एका जुन्या बंगल्याचं काम आलं. चौदा खिडक्या. अण्णांनी चौदा पट्ट्या करून आणल्या. मी म्हणालो, "द्या इकडे, मी कागदावर उतरवतो."

"स्वल्प थांब रे पद्माकर. दोन दिवस बनशंकरीला देवीच्या उत्सवाला चाललोय. मंगळवारी मी सांगतो, तू लिही."

"मला काय पट्टी वाचता येत नाही?"

"वाचशील रे. सगळी वाचशील का, ते बघायचं."

हे मला झोंबलं. ते गेले तशी मी टेप घेऊन बसलो. उंची, रुंदी, सुंदर अक्षरात चौदा ओळी. कागद अण्णांची मापं म्हणून मालकाच्या टेबलावर ठेवला. आणि हे जुनाट प्रकरण कायमचं मिटावं म्हणून पट्ट्या सरसाच्या भांड्याखाली चुलीत घातल्या. सरस ढवळणारी गंगव्वा बघत होती. मंगळवारी अण्णांना सांगितलं, "कागद गेला, कामाला सुरुवातही झाली." पट्ट्यांचं काही बोललो नाही.

झडपा बसवायच्या दिवशी एकही धड बंद होईना. वर फट, खाली अडकलेली. जुनी भिंत कधी काटकोनात असते का? नंतर कळलं, अण्णांनी पट्टीच्या मागच्या बाजूला प्रत्येक खिडकीची रुंदी तीन ठिकाणी घेतली होती: वर, मध्ये, खाली. मी पट्टी उलटून पाहिलीच नव्हती.

श्रीधरराव सगळ्यांदेखत म्हणाले, "कृष्णाजी, म्हातारा झालास. सागवान वाया घालवलंस."

"माझ्या पट्ट्या आणा," अण्णा म्हणाले. "पट्टीला लावून बघा, मग बोला." आणि माझ्याकडे वळले. "पद्माकर, पट्ट्या कुठायत?"

मी म्हणालो, "मला काय माहीत?"

गंगव्वाने मान खाली घातली. अण्णांचा हिशेब त्याच दिवशी झाला. गेटावर गर्जणारा मी खाली बघून रंधा मारत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "इथं माझ्या बायकोपुढे काय सांगतोस? तिथं सांग, चार माणसांत."

"सांगतो, अण्णा. फक्त शनिवारची कमिटीची निवडणूक होऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सरी," कानडीत बरं म्हणाले, आणि आत गेले.

शनिवारी मी निवडून आलो. पूर्वीपेक्षा जास्त मतांनी. सोमवारी मालकाला सांगितलं. ते हसले. "आता सांगतोस? नवा माणूस रुजूसुद्धा झाला." मग गेटावर सांगितलं. गंगव्वा तेवढी म्हणाली, "आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही कधी बोलता, तेच बघत होतो."

मी तिच्यावरच उखडलो. "मग तू का नाही बोललीस?"

"आमच्या वतीनं बोलायला तुम्हाला निवडलंय ना?"

अण्णा पुढे जयनगरात नवीन घरांची दारं-खिडक्या दुरुस्त करत फिरले. सदुसष्टमध्ये गेले. त्याआधी, निवडणुकीनंतर आठवड्याभरातच, त्यांना कामावर परत घ्यावं म्हणून मी एक अर्ज लिहिला होता. तीन रात्री खपून, एकही खाडाखोड न करता. तो घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग विचारलं, "खाली सही कुणाची?"

"माझी. युनियनतर्फे."

"मग नको," अण्णा म्हणाले.