दामाजीकाकांच्या मागची हाक

दामाजीकाकांना मी लहानपणापासून ओळखते, आणि त्यांना समजावण्याचा नाद तेव्हापासूनच सोडलेला आहे. ते ठाण्यात सिटी बस चालवायचे आणि माझे बाबा, सीताराम, त्याच बसचे कंडक्टर. काका खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, आम्ही कल्याणचे बौद्ध. ड्युट्या बदलल्या, रूट बदलले, पण डेपोत भांडून भांडून हे दोघे एकाच गाडीवर राहिले. बाबा म्हणायचे, "दाम्याला पुढचं दिसतं, मागचं मी बघतो." काकांना दाम्या म्हणणारे बाबा एकटेच. बाकी कोळीवाडा त्यांच्या भुवयांना घाबरून असायचा.

रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी दोघांना चालायला सांगितलं, तर हे पळायला लागले. आमच्याकडे सगळं अतिच. घोडबंदर रोडच्या टॉवरांतली मंडळी घड्याळाशी गप्पा मारत पळतात, त्यांच्यात हे दोघे जुन्या बनियनवर. पळतानाही बाबा मागेच. काकांचं वळण चुकायला लागलं की मागून आवाज यायचा, "दाम्या, डावीकडे!" आणि काका मागे न बघता डावीकडे वळायचे. बसमध्ये तेच केलेलं, रस्त्यावरही तेच.

जानेवारीतल्या मॅरेथॉनला दोघांनी नावं दिली होती. बेचाळीस किलोमीटर! आणि पावसाळ्यात एका रात्री बाबा झोपेतच गेले. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी काका आईसमोर मान खाली घालून उभे राहिले. "वयनी, मी पलनार. त्याचा पन मीच पलनार. दोघांचा मिलून एकच." आई म्हणाली, "पळा भाऊ." मग काय, कोळीवाड्याने नाक्यावर बॅनरच लावला. काका आणि बाबा शेजारीशेजारी, गॉगल घालून, हार्दिक शुभेच्छा. मेलेल्या माणसाला शुभेच्छा कसल्या देता म्हणून मी चिडले. पण बाबा त्यात इतके खूश दिसत होते की मी उतरवा म्हणाले नाही.

शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून खाडीवरून धुकं चढत होतं. मी आणि काकांची बायको, शेवंतीकाकी, शेवटच्या फुगवलेल्या कमानीपाशी उभ्या होतो. पळणारे येत होते, मेडल घेत होते, केळी खात होते. ऊन चढलं, ढोलवाले गेले, कमानीतली हवा सोडायला सुरुवात झाली. तेव्हा काका आले, पण रस्त्यावरून नव्हे, तिवरांच्या बाजूने. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता. वेळ संपली म्हणून त्यांना मेडल मिळालं नाही. निकालात त्यांच्या नावापुढे 'अपूर्ण' लागलं. मी विचारलं, "काका, काय झालं?" ते माझ्याकडे न बघता चिखल पुसत राहिले.

त्या दिवसापासून पळणं बंद. कल्याणला येणंही बंद. आईचा फोन उचलेनात. बॅनर त्यांनी स्वतः शिडी लावून काढला, आणि काकी सांगत होती की खाडीकडची खिडकीही लावून घेतली.

माझा संताप आयोजकांवर. धुक्यात वळणावर ठेवलेले प्लास्टिकचे कोन दिसले नाहीत म्हणून काका सरळ खाडीच्या बांधावर गेले असणार, मग तिथे कोणी उभं का नव्हतं? चौकशी करत मी त्या वळणावरच्या स्वयंसेविकेला गाठलं. उर्वी नाव, कॉलेजात शिकणारी. मी तोंड सोडायच्या आधीच ती बोलायला लागली.

"ताई, मी होते तिथं. काका सरळ निघाले म्हणून मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांच्या मागून कोणीतरी मारली. पुरुषाचा आवाज. 'दाम्या' म्हणून. मला वाटलं, चला, ओळखीचं कोणीतरी आहे मागे. पण काका वळलेच नाहीत. उलट जास्तच जोरात पळायला लागले."

"मागे कोण होतं?"

"तेच तर. मी थांबले बघायला. बाकीचे केव्हाच पुढे गेले होते, मागून कोणीच आलं नाही."

भर दुपारी, स्टेशनच्या पुलावर, माणसांच्या गर्दीत माझ्या हातावर काटा आला. मी भूतबित मानत नाही. आमच्या घरात ते शब्दसुद्धा चालत नाहीत. तरी मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात गेले. काका ओटीवर जाळं घेऊन बसले होते, हात मात्र चालत नव्हते. उर्वीचं बोलणं मी सांगितलं तसे ते रडायलाच लागले. एवढा दांडगा माणूस तोंडावर जाळं घेऊन रडला. शेवंतीकाकीने मला समजावलं. धुक्यात होडीवर असताना मागून नावाने हाक आली, तर त्यांच्यात ओ देत नाहीत आणि मागे बघत नाहीत. खाडीत बुडून मेलेला माणूस एकदाच हाक मारतो. जिवंत माणूस तीनदा मारतो. म्हणून तिसरी येईपर्यंत गप्प राहायचं आणि होडी पुढे काढायची. पोरांना पोहायच्या आधी हे शिकवतात.

"एकदाच आयली," काका म्हणाले. "मी वलखला ना गो त्याला! सीतारामच व्हता. पन माजं पाय आयकंनात. जन्मभर त्याच्या हाकेवर गारी वलवली, न मेल्यावर त्यालाच भूत समजून पललो. आता कंच्या तोंडानं पलू?"

मेडल गेल्याचं त्यांना दुःख नव्हतंच. मित्राला पाठ दाखवली, ते त्यांना खात होतं. मी त्यांना गाडीत घातलं आणि कल्याणला आईसमोर आणून बसवलं.

रमाबाई म्हणजे माझी आई. तिच्यापुढे देव, भूत, मुहूर्त असलं काही काढायची कोणाची टाप नाही. काकांनी सगळं सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"आमच्यात भूत नसतं, दामाजीभाऊ," ती म्हणाली.

"ठाव हाय वयनी."

"बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आम्ही." तिने हात धुतले, पुसले आणि दाराकडे बघितलं. "पण बूट आपटल्याचा आवाज येतो."

मी म्हटलं, "कसले बूट?"

"तुझ्या बाबांचे. पळायला निघताना बाहेर जिन्यावर आपटायचे ना, माझी झोप मोडू नये म्हणून. मोडायचीच. रोज पहाटे येतो आवाज. बूट मी स्वतः देऊन टाकलेत. पहिल्यांदा दार उघडून बघितलं, आता उघडत नाही. कोणाला सांगणार? लोक म्हणतील, रमाबाई नवऱ्यामागे खुळावली."

इतके महिने ही बाई एकटी पडून ते ऐकत होती. मला तिचा राग आला आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं.

मग आई काकांसमोर पाट ओढून बसली. "हे बघा भाऊ. तुमच्या खाडीतलं भूत काय करतं?"

"वाट चुकवतं."

"आणि ह्यांनी कुठे हाक मारली? तुमची वाट चुकली तिथेच ना? मग हे भूत कसं? हे तर आपलं काम करत होते. तुम्ही घाबरलात, म्हणजे माणूस आहात. चुकलात, परत पळा. त्यांना मागे नुसतं उभं करून ठेवलंत तुम्ही. ते कुठे जाणार?"

काकांनी बाहीने डोळे पुसले. मग म्हणाले, "रविवारी?"

"रविवारी," आई म्हणाली.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही तिघं त्या वळणावर पोहोचलो. धुकं शर्यतीच्या दिवसापेक्षाही दाट. पलीकडचे अर्धवट बांधलेले टॉवर दिसत नव्हते, खाडी दिसत नव्हती, फक्त चिखलाचा वास आणि कुठेतरी पाणी ओसरल्याचा चुळुकचुळुक आवाज. काकांना बुटाची नाडी बांधता येईना. शेवटी आईने वाकून बांधली. काका "वयनी, नको" म्हणत राहिले, पण तिने ऐकलं नाही.

मग ती बांधाच्या कडेला गेली आणि आयुष्यात कधी बोलली नव्हती इतक्या मोठ्याने धुक्यात ओरडली, "अहो! दामाजीभाऊ निघालेत! लक्ष ठेवा!"

तिवरातून एक बगळा उडाला. बाकी काही नाही. काका निघाले आणि धुक्याने त्यांना गिळलं. पावलं ऐकू येत होती, मग तीही येईनाशी झाली. आम्ही मायलेकी उभ्या. मला भयंकर भीती वाटत होती, काका परत येणार नाहीत याची, आणि एकटे येणार नाहीत याचीही.

आणि लांबून, मिठागराच्या बाजूने, काकांचा आवाज आला. खणखणीत, मोकळा.

"ओ!"

हाक आम्ही ऐकली नव्हती. ओ तेवढी ऐकली. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

थोड्या वेळाने पावलं परत यायला लागली. काकांची जड पावलं मला ओळखू आली. त्यांच्यामागे, अर्ध्या ठेक्याने, हलकी, घाईची दुसरी पावलं. मी डोळे फाडून बघत राहिले. धुकं फाटलं आणि काका बाहेर आले. घामाने निथळत होते, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसत होते. मागे कोणी नव्हतं. पावलंही तिथेच थांबली.

"ऐकलंस?" आईने विचारलं.

"ऐकलं. पण काका एकटेच आहेत गं."

मी वळून तिच्याकडे बघितलं. तिने डोळे गच्च मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"तू बघितलंस होय?" ती म्हणाली. "मी नाही बघितलं. माझ्यासाठी दोघं आलेत."