आखडलेली वाट

भोकरच्या शाळेत मी व्याख्यानात सांगत होतो, प्रकाशाच्या आधी ताऱ्यापर्यंत कुणीच पोहोचू शकत नाही. मागून एक शिंपी उठला. हातातल्या कापडाचा धावदोरा त्यानं ओढला; चुण्या पडून दोन्ही टोकं जवळ आली.

"सर, सुई पळाली न्हाई, वाट आखडली. आभाळाचं असं झालं तर?"

"तुम्ही पायजमे शिवा," मी म्हणालो. सगळे हसले.

"ते शिवतोच की. पर हे उत्तर न्हाई." तो उभाच राहिला.

उत्तर मला ठाऊक होतं: गणित तशी मुभा देतं, त्याला लागणारी ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा मात्र कुणाला सापडलेली नाही. मी ते दडवलं.

आता म्हातारपणी प्रत्येक व्याख्यान मी दोरा ओढूनच सुरू करतो. लोक हसतात. मीही उभाच राहतो.