मीनूचा मोर

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या परभणीच्या कॉलनीतली नऊ घरं आता चार गावांना पांगलीत. तरी कुणाच्या मुंजीत, कुणाच्या बारशात दोघं भेटले की एक जण हळूच म्हणतो, "मोर आठवतो का?" झालं! जेवणाची पंगत उठते, वाढपी ताटं उचलायला येतात, आणि आम्ही तिथंच बसून हसतोय. दर वेळी एक नवीन किस्सा निघतो. मला तर शंका आहे, पाठक सर घरून तयार करून आणतात.

मोर म्हणजे पक्षी नव्हे हं. गवत कापायचं मशीन!

आता आमच्यासारख्या मास्तरणीच्या घरी गवत कापायचं मशीन कशाला, ते आधी सांगते. माझी मीनू तेव्हा सहा वर्षांची. पोलिओमुळं उजव्या पायाला लोखंडी कॅलिपर. डॉक्टर म्हणाले, "पायात ताकद आहे बाई, पण पोरगी पडायला घाबरते. मऊ जागेवर चालू द्या. भीती गेली की हात सोडेल." आणि आमचं अंगण म्हणजे काळी माती! उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. मीनू माझा हात असा घट्ट धरायची की बांगड्या रुतायच्या. म्हणून अंगणात हरळीचं लॉन लावलं. पण हरळी दोन बोटांच्या वर गेली की कॅलिपर अडकायचा आणि पोरगी तोंडावर आपटायची. म्हणजे लॉन नुसतं लावून भागत नव्हतं, सारखं कापायला हवं होतं.

आणि मला विळा धरता येत नव्हता. आमच्या ह्यांना धरता यायचा, पण तहसील कचेरीतून येईपर्यंत ह्यांची कंबर कामातून गेलेली असायची.

* * *

शेजारचे पाठक सर विज्ञान शिकवायचे. त्यांनी पहिला उपाय काढला. "वहिनी, मेंढी बांधा. एक मेंढी दिवसभरात अंगण साफ करते. शास्त्र आहे!"

ओळखीच्या एका धनगराकडून मेंढी आणली. अंगणाच्या मधोमध खुंटी ठोकली, दोर बांधला, आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला गेलो. संध्याकाळी येऊन बघते तर मेंढीनं माझी तुळस खाल्ली होती, मोगरा खाल्ला होता, वाळत घातलेल्या परकराचा घेर खाल्ला होता. हरळीला तोंडसुद्धा लावलं नव्हतं!

पाठक सर चष्मा पुसत म्हणाले, "मेंढी शहरी दिसते."

* * *

मग ह्यांनी एका साहेबाच्या बंगल्याच्या लिलावातून जुनं ढकलायचं मशीन आणलं. दोन चाकं, मधे पात्यांचा रूळ, मागं लांब दांडा. पाठक सरांनी सांगितलं, "याला लॉन मोवर म्हणतात." कॉलनीतल्या बायकांनी दोन दिवसांत मोवरचा मोर केला. आणि ढकललं की ते ओरडायचंही अगदी तसंच, "क्यांव! क्यांव!"

रविवारी सकाळी हे मोर ढकलायला लागले की पाठक काकू खिडकीतून विचारायच्या, "वहिनी, हा मोराचा आवाज आहे का भावजींच्या कमरेचा?"

* * *

लॉनला पाणी लागतं, आणि आमच्या नळाला चार दिवसांतून एकदा पाणी यायचं. एप्रिलमध्ये हरळी पिवळी पडली. मी म्हटलं, जाऊ दे, माणसांना प्यायला नाही तिथं गवताचे कसले लाड!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायरीवर आठ बादल्या. कुणाचं तांदूळ धुतलेलं पाणी, कुणाचं भाजीचं, कुणाचं कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी. कुणी काही बोललं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. पावसाळा लागेपर्यंत रोज बादल्या येत होत्या. अशी माणसं भाग्यानं मिळतात, आणि मला आठ घरं भरून मिळाली.

एका बादलीत मात्र रोज डाळीचं पाणी असायचं. त्या कोपऱ्यात हरळीपेक्षा मुंग्या जास्त झाल्या. ती बादली कुणाची हे पाठक काकूंनी अजून कबूल केलेलं नाही!

* * *

ह्यांच्या कमरेनं संप पुकारला तेव्हा पाठक सरांनी रोबोट करायचं ठरवलं. "परदेशात मशीन आपोआप फिरून गवत कापतं. आपण काय कमी आहोत?"

कूलरची मोटर, सायकलची चेन आणि आमचा मोर. मेंढीची खुंटी होतीच. तिला दोर बांधला. मोर गोल फिरणार, दोर खुंटीला गुंडाळत जाणार, गोल लहान होत जाणार, आणि शेवटी सगळं लॉन कापून मोर खुंटीपाशी येऊन थांबणार. खरं सांगते, डोकं होतं माणसाला! वीज घेतली पाठकांच्याच खिडकीत ठेवलेल्या लांब वायरच्या बोर्डावरून. त्याच बोर्डावर काकूंचा रेडिओ लावलेला, टेबलावर.

कॉलनी जमली. सरांनी बटण दाबलं. मोर निघाला की हो! एक फेरी, दोन फेऱ्या. मीनू टाळ्या वाजवायला लागली. सर म्हणाले, "बघा, दोर कसा गुंडाळत चाललाय!"

दोर गुंडाळत चालला होता हे खरं. पण त्याबरोबर वायरही गुंडाळत चालली होती, हे सरांच्या शास्त्रात बसलं नव्हतं. तिसऱ्या फेरीला खिडकीतून आधी बोर्ड आला आणि मागोमाग काकूंचा रेडिओ, बातम्या सांगत सांगत, थेट अंगणात!

काकू आतून ओरडल्या, "अहो, बातम्या बाहेर कुठं चालल्या?"

* * *

आता आमचे आबा. म्हणजे माझे सासरे. पालमजवळच्या गावात शेती, आणि हरळी म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. हरळीची एक काशी, म्हणजे मुळी, जमिनीत राहिली की महिन्याभरात वाफा खाते. "माझ्या रानात हरळीची काडी दाखव, मिशी उतरून देतो," असं ते पंचक्रोशीत सांगायचे.

ह्यांनी आबांना पोस्टकार्ड टाकलं. ह्यांचं पत्र म्हणजे तारेचा मजकूर! "मीनूसाठी मोर आणला. जुना आहे पण चालतो. आठवड्याला तेल पाजावं लागतं. बाकी क्षेम."

तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आबा हजर! खांद्यावर ज्वारीचं गाठोडं. घरात कुणी नाही, किल्ली पाठक काकूंकडं. काकूंना म्हणाले, "मोर कुठाय? आमचं येडं त्याला तेल पाजायलंय! मरंल की मुकं जनावर!"

काकूंनी कोपऱ्यातलं मशीन दाखवलं. आबांनी ते खालून-वरून बघितलं, गाठोडं खाली ठेवलं, आणि मग त्यांची नजर अंगणाकडं गेली.

शनिवार होता. दुपारी मी मीनूला घेऊन शाळेतून आले. फाटकातच उभी राहिले. अख्खं अंगण उकरलेलं! काळी ढेकळं वर आलेली, एका कडेला हरळीच्या काशांचा ढीग उन्हात टाकलेला. आबा घाम पुसत उभे होते, चेहऱ्यावर मोठं समाधान.

"सूनबाई, कसली हरळी माजली व्हती गं अंगनात! तुमाला नोकरीपायी येळ न्हाई, कळतंय मला. समदी खुंदून काढली. एक काडी ठिवली न्हाई!"

पाठक काकू दारात आल्या. "मला वाटलं आळी करायलेत. कुदळ मीच दिली हो. चहापण दोनदा दिला!"

मीनू म्हणाली, "आबा, माझं लॉन कुठंय?"

आणि माझी जीभ सुटली. उन्हाळ्यातल्या बादल्या, डॉक्टर, कॅलिपर, सगळं मी त्यांना उभ्या उभ्या ऐकवलं. आबांनी हातातला पाण्याचा पेला पायरीवर ठेवला, तो शेवटपर्यंत उचललाच नाही.

* * *

विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेले दिवस होते. दुसऱ्या दिवशी बंद, गाड्या बंद. आबांना दोन दिवस आमच्याकडं अडकून राहावं लागलं. दोन्ही सकाळी मीनू त्या ढेकळांवर माझा हात धरून चालली आणि दोन्ही सकाळी पडली. आबा ओसरीवरून बघत होते. तिसऱ्या दिवशी उठले तर अंथरूण घडी केलेलं, आबा गेलेले! मी स्वतःलाच शिव्या घातल्या. ज्या माणसानं माझ्या अंगणासाठी उन्हात चार तास कुदळ मारली, त्याला मी पाणीसुद्धा गोड लागू दिलं नाही.

पुढच्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. आबा उतरले, आणि त्यांच्यामागं ओलं गोणपाट गुंडाळलेली दोन पोती. एक पोतं एसटीच्या कंडक्टरनं खांद्यावर घेतलेलं. ड्यूटी संपवून तो बिचारा स्टँडवरून सोबत आला होता. त्याचे उपकार मी विसरणार नाही. आणि त्यानंच हा किस्सा सांगितला.

पालमला पोती चढवताना त्यानं विचारलं होतं, "आबा, पोत्यात काय हाय?"

"हरळी."

"हरळी? परभनीला हरळी न्यायलाव? कामून?" सगळी एसटी हसायला लागली.

आबा म्हणाले, "घरी मोर हाय. त्याला लागती."

"मोर हरळी खातो व्हय?"

"आमचा खातो!"

हरळी दुसऱ्याच्या बांधावरून मागून आणली होती. आबांच्या रानात कुठली! ती रोपं आबांनी स्वतःच्या हातानं लावली. पुन्हा आठ बादल्या आल्या. महिनाभर राहिले आबा. मोराला त्यांनी कधी हात लावला नाही, रोज पहाटे उकिडवे बसून विळ्यानं दोन बोटं ठेवून कापायचे. कुणी सांगायला नको, थांबवायला नको. पाठक सर एकदा फाटकातून बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, रोबोट असाच असतो. फक्त वायर नको."

* * *

त्या वर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे आबांच्या रानात गेलो. आमच्याकडं येळवस म्हणजे रानात जेवायचं, भज्जी आणि आंबील. बैलगाडी बांधाला थांबली. चारी बाजूंना काळं रान, कमरेएवढी ज्वारी, आणि बांधापासून विहिरीजवळच्या आंब्यापर्यंत हात-दोन हात रुंदीचा एक हिरवागार पट्टा. कापलेला, दोन बोटं.

मी मीनूला खाली उतरवलं. तिनं पट्ट्याकडं बघितलं, मग आंब्याखाली बसलेल्या आबांकडं, आणि माझा हात सोडला. मी मागं मागं धावणार होते, पण ह्यांनी माझा पदर धरून ठेवला. पोरगी मधे एकदा पडली. उठली. आणि गेली चालत.

जेवायला शेजारच्या शेताचे गणपतराव होते. आंबील ओरपत म्हणाले, "सूनबाई, तुमचे सासरे बिघडले बघा. पावसाळ्यात म्या म्हनलं, आबा, तुमच्या रानात हरळी माजायलीय, मिशी उतरावी लागती आता! देऊ का खुंदून?"

"गनपत, गप जेव," आबा म्हणाले.

"तर काय म्हनले ठावं हाय का? म्हनले, 'माजू दे. नात चालत यायचीय.'"