हलू नका, कॅसेट चालू आहे

व्हिडिओचा कॅमेरा हातात घेऊन समोरच्या एकाही माणसाला हलू न देणारा मनुष्य अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कळंबला राहतात. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण कचेरी त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. घरात असले तरी शर्ट खोचलेला आणि खिशाला पेन. जिथे आपण हसतो तिथे ते नुसती मान हलवतात, आणि जिथे आपण मान हलवतो तिथे ते विचार करून सांगतो म्हणतात. एकदा मी त्यांना सहज विचारलं की यंदा ऊन जास्त आहे का. त्यांनी तीन दिवसांनी फोन करून सांगितलं, "हो, जास्तच हाय."

नोकरीत असताना त्यांना फोटो काढायचा नाद होता. रोलच्या कॅमेऱ्यात मोजकेच फोटो बसत, त्यामुळे बटण दाबण्याआधी ते समोरच्या माणसाला इतका वेळ ताटकळत ठेवत की फोटोत सगळ्यांचे चेहरे मयतीला आल्यासारखे यायचे. मग नागपूरहून कुणाचा तरी वापरलेला व्हिडिओ कॅमेरा त्यांच्याकडे आला. काडेपेटीहून जराशी मोठी कॅसेट त्यात बसायची. ती कॅसेट तळहातावर घेऊन त्यांनी खूप वेळ न्याहाळली आणि एक सिद्धांत मांडला. एवढ्याशा जागेत चित्रही भरायचं आणि आवाजही भरायचा, तर लोक जितके जास्त बोलतील तितकी कॅसेट लवकर संपणार. "आवाजालेबी जागा लागतेच ना," ते मला म्हणाले. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. मी समजावून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, विचार करून सांगतो म्हणाले, आणि ते मात्र त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यातल्या प्रत्येक लग्नात मांडवाच्या मधोमध तीन पायांचा स्टँड आणि त्यामागून येणारा एकच गंभीर आवाज असायचा. सरळ उभे राहा. हलू नका. बोलू नका. आलेले पाहुणे कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात जोडून खांबासारखे उभे राहत, साडू बराच वेळ बघत आणि मग "झालं, पुढं चाला" म्हणत. पंगतीत घास हातातल्या हातात थांबायचा. वाढणाऱ्याला वाकलेल्या अवस्थेतच थांबवलं जायचं. त्याच्या पळीतून पडणारी वरणाची धार तेवढी त्यांच्या हुकमाबाहेर होती. बुद्धवंदनेच्या वेळी मात्र त्यांच्या चेहऱ्यावर खरं समाधान दिसे, कारण तेव्हा सगळे आपणहून हात जोडून स्तब्ध उभे असत. पण वंदनेचा आवाज कॅसेटीत जाणारच होता. तेवढी जागा त्यांनी धम्मासाठी सोडली होती.

या कडक शिस्तीमागे एक जुनी जखम होती. कॅमेरा नुकताच घरात आला असताना माझ्या मेहुण्याचं, म्हणजे या दोघी बहिणींच्या भावाचं, पांढरकवड्याला लग्न झालं. साडूंनी तिथे एस.टी.तून उतरल्यावर रस्त्यातच एकदा लाल बटण दाबून कॅमेरा चालतो की नाही ते पाहिलं आणि बंद करायचं विसरले. आता त्या बटणाची गंमत अशी की एकदा दाबलं की चालू आणि पुन्हा दाबलं की बंद. मांडवात पोचल्यावर त्यांनी चालू करायला म्हणून दाबलं, तेव्हा ते बंद झालं. चष्मा खिशात होता, त्यामुळे आतली चालू-बंदची खूण त्यांना दिसली नाही. कॅसेट संपेपर्यंत हाच प्रकार चालला. नवरानवरी समोर आले की कॅमेरा बंद, आणि काम झालं म्हणून साडूंनी तो खांद्याला लटकवला की चालू. आठ दिवसांनी दोन्हीकडची मंडळी टीव्हीसमोर जमली. पडद्यावर रस्ता आला, मग धूळ, मग चपला. मांडवाचा बांबू. पुन्हा चपला. नवरीचे वडील बराच वेळ धीर धरून बसले होते. शेवटी ते म्हणाले, "साहेब, आमची पोरगी कुठी हाय याच्यात?" साडू उठले आणि त्यांनी टीव्हीची वायरच ओढली. घरी आल्यावर ती कॅसेट बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "चुलीत घाल." त्यानंतर त्या लग्नाचा विषय त्यांच्यासमोर कुणी काढला नाही आणि स्टँडशिवाय त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

त्यांची बायको, आमची ताई, त्यांच्या अगदी उलट. ती बोलत असे. दूधवाल्याशी, बकरीशी, कुकरशी, रेडिओवरच्या बातम्यांशी. गल्लीच्या तोंडाशी मी पोचलो की तिचा आवाज यायचा, आणि घरात कोणती भाजी आहे, कुणाचं पोरगं नापास झालं, साडू कशावरून रुसले आहेत हे दारात पोचेपर्यंत मला कळलेलं असायचं. साडूंना तिच्या बोलण्याचा त्रास होतो असं आम्ही सगळे समजत होतो. ती गेल्याच्या गेल्या वर्षी वारली. त्यानंतर त्या घरात भांडी खाली ठेवल्याचासुद्धा आवाज येईना.

सहा-सात महिन्यांनी त्यांचा मला फोन आला. "साडूभाऊ, कॅसेट कंप्युटरमधी घालता येते का?"

"येते. काहून?"

"हिचा आवाज पाह्यजे मले," ते म्हणाले. "घरात लय सुनं वाटून राह्यलं."

मी दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन कळंबला गेलो. काम वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. त्या कॅमेऱ्याची वायर ज्या खोबणीत बसते ती आताच्या लॅपटॉपला नसते, म्हणून आमच्या शाळेने भंगारात काढलेला एक जुना कंप्युटर मी मागून आणला. कॅमेऱ्याचं झाकण नीट लागत नव्हतं, ते सारखं अंगठ्याने दाबून धरावं लागे. वायर इतकी सैल की शेजारून कुणी चाललं तरी निसटायची आणि कॅसेट पहिल्यापासून लावावी लागायची. यवतमाळच्या दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, हा आता शेवटच्या घटका मोजून राह्यला. कधी कॅसेट गिळंल सांगता येत नाही. जे महत्त्वाचं हाय ते आधी काढून घ्या."

महत्त्वाचं आधी काढायचं म्हणजे काय, याचा साडूंनी विचार केला आणि ठरवलं की लोकांच्या कॅसेटी आधी. "त्यायची अमानत हाय," ते म्हणाले. आम्ही दोघांनी हात टेकले. तासाभराची कॅसेट कंप्युटरमध्ये उतरायला पूर्ण तास लागतो, हे मात्र त्यांना मनापासून पटलं. मी म्हटलं, एकदा लावून दिली की आपण आपली कामं करू. त्यावर ते म्हणाले, "लोकायले लग्नाले बोलावून आपण निघून जाता का तुम्ही?"

म्हणून दर रविवारी आम्ही कळंबला जात असू. सकाळी पंखा बंद केला जाई, कारण वाऱ्याने वायर हलते. दाराला आतून कडी लावली जाई. साडू टेबलाशी ताठ बसून अंगठा झाकणावर ठेवत आणि आम्हाला सांगत, "हलू नका. कॅसेट चालू हाय." माझी बायको त्यांच्याजवळ पाण्याचा पेला ठेवायची, तो कॅसेट संपेपर्यंत तसाच भरलेला राहायचा. एका हाताने पाणी प्यायचं त्यांना जमलं असतं, पण कामात असताना ते पाणी पीत नसत, हा त्यांचा कचेरीपासूनचा नियम. पडद्यावर एखादे म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे राहिले की साडू हळूच "जयभीम, मामा" म्हणत. त्यांतले निम्मे लोक आता नाहीत. वंदना सुरू झाली की ते उठून उभे राहत. अंगठा झाकणावर असल्यामुळे त्यांना अर्धवट वाकावं लागे आणि हात जोडता येत नसत, म्हणून दुसरा हात छातीशी धरत. मग आम्हीही उठायचो, पण जपून, वायर हलणार नाही असं.

ज्यांची कॅसेट असेल त्यांना बोलावणं जायचं. झरी जामणीकडच्या एका खेड्यातून एक जोडपं मोटारसायकलवर आलं. त्यांच्या लग्नाची कॅसेट लागली. पडद्यावर नवरानवरी शेजारी शेजारी उभी होती, नुसती उभी. बराच वेळ झाला. शेवटी खोलीतला नवरा साडूंच्या कानाशी येऊन विचारता झाला, "काका, हे चालू हाय का बंद?"

"चालू हाय," साडू म्हणाले. "ते पाह्य, पोरीची पापणी हालली."

त्या बाईने पदर तोंडाला लावला. पण जाताना दोघांनी पेनड्राइव्ह दोन हातांनी घेतला आणि साडूंच्या पाया पडून गेले.

लोकांच्या कॅसेटी संपल्यावर घरच्या लागल्या. एकेक कॅसेट उतरत गेली आणि खोलीतली हवा जड होत गेली. ताई सगळीकडे होती आणि कुठेही बोलत नव्हती. बारशात पाळण्याशी उभी, नव्या घराच्या दारात उभी, कळंबच्या चिंतामणीच्या जत्रेत आलेल्या मैत्रिणींसोबत उभी. नवऱ्याचं ऐकून ओठ घट्ट मिटलेले, आणि गालात दाबून धरलेलं हसू. एका कॅसेटीत तिला राहवलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कॅमेऱ्यामागून एक हात पडद्यावर आला. बोट वर केलेलं. ताईने तोंड मिटलं.

साडूंनी ते पाहिलं. त्या दिवशी त्यांनी कॅसेट काढल्यावर नेहमीसारखा कॅमेरा पुसला नाही. "मीच गप्प केलं," ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यातच शेवटच्या कॅसेटीला कॅमेऱ्याने खरखर केली आणि अर्धी फीत बाहेर ओकली.

परत निघताना माझी बायको दारातच घुटमळली. "जिजाजी, एक कॅसेट राह्यली ना पण."

"कोणती?"

"दादाच्या लग्नाची. पांढरकवड्याची."

साडूंचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांनीही उतरला. "ते जाळली," ते म्हणाले.

"ताईनं नाही जाळली. शिलाई मशीनच्या खणात ठेवली. मले सांगू नको म्हणे कोणाले. आदमी रागात बोलला, म्हणून चीज जाळाची का, म्हणे."

ती तिथेच होती, बॉबिनांच्या आणि खडूच्या तुकड्यांखाली. साडूंनी ती हातात घेतली, पण लावायला तयार होईनात. एक तर कॅमेरा गिळेल ही भीती. आणि दुसरं ते न बोलताही मला कळत होतं. ज्या कॅसेटीपायी भरल्या घरात मान खाली घालावी लागली ती माणूस आपल्या हाताने कशी लावणार. "याच्यात चपलाच हायेत," ते म्हणाले.

"चपला तं चपला," माझी बायको म्हणाली. "पाहू."

पुढच्या रविवारी लावली. पंखा बंद, दाराला कडी, अंगठा झाकणावर, पाण्याचा पेला जवळ. हलू नका म्हणायचं त्यांनी त्या दिवशी सोडून दिलं, किंवा त्यांना आठवलं नाही. रस्ता आला. धूळ आली. हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न आले, आणि मग, माणसं आली. दिसली नाहीत, पण आली. वाजंत्री, पोरांचा कालवा, कुणीतरी मीठ मागतंय, कुणाचा तरी चुलता रुसलाय आणि त्याला तिघे समजावतायत. साडूंच्या इतर कॅसेटींत कधी न झालेलं लग्न त्या चपलांच्या वर कुठेतरी चाललं होतं. तेवढ्यात एक ओळखीचं पाऊल चौकटीत आलं, जोडवी घातलेलं, आणि ताई बोलली.

"उन्हात कायले उभे राह्यले जी? इकडं सावलीत या. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. घ्या, पाणी तरी प्या."

"थांब," साडूंचा तरुण आवाज आला. "काम चालू हाय माहं."

"चालू राहू द्या ना. काम कुठी पळून राह्यलं? धरा पेला."

"मंग पितो. सरक, नवरी आली."

जमीन एकदम वर उचलली गेली. क्षणभर हिरव्या लुगड्याचा काठ दिसला, एक हात दिसला, हातात पेला होता, आणि चित्र तुटलं. त्यांनी बटण दाबलं होतं. पुन्हा चपला सुरू झाल्या.

खोलीत कुणी हललं नाही. माझी बायको भिंतीला टेकून रडत होती, तीसुद्धा वायरीला धक्का लागणार नाही अशा बेताने. साडू पडद्याकडेच बघत होते. झाकणावरचा अंगठा त्यांनी काढला नाही. दुसऱ्या हाताने, न बघता, टेबलावर चाचपत त्यांनी पेला शोधला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

कॅमेऱ्याने ती कॅसेट शेवटपर्यंत चालवली. त्यानंतर तो बंद पडला तो पडलाच. मी साडूंना म्हटलं होतं, त्या कॅसेटीतला आवाज काढून दुसऱ्या कॅसेटीतल्या ताईच्या चित्राला जोडता येईल, हल्ली असं सगळं जमतं. ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. सध्या त्या घरात संध्याकाळी पंखा चालू असतो, दार उघडं असतं, आणि गल्लीच्या तोंडाशी आलं की ताईचा आवाज ऐकू येतो. आत साडू एकटेच बसलेले असतात, समोर पडद्यावर चपला, आणि हातात पाण्याचा पेला.