दिवाणखान्यातली जपानी गाणारी

मंडळी, डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

आज दुपारी इथे सौदीत, रास तनुराला आमच्या घरी कंपाउंडमधल्या मराठी मैत्रिणी जमल्या होत्या. हॉलमध्ये एक जपानी चित्र टांगलंय, गुंडाळून ठेवता येणारं. ह्यांच्या जपानी साहेबांच्या बायकोने मायदेशी परतताना दिलेलं. त्यात मांडीवर तीन तारांचं वाद्य घेतलेली एक आंधळी बाई आहे. तिकडे पूर्वी अशा बायका एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून गावोगाव चालत आणि गाऊन पोट भरत. एखादीने पुरुषाशी संबंध ठेवला की तिला मेळ्यातून हाकलत.

चित्र बघून एक वहिनी म्हणाल्या, "अगं, ही नाचगाण्यातली बाई दिवाणखान्यात कशाला? मुलं मोठी होतायत. गुंडाळून ठेव बघू."

बाकीच्या हसल्या.

आणि ढोकळा संपायच्या आत त्याच वहिनी मला म्हणतात, "चल, आता तू एक छानसं गाणं म्हण!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "गाणं हवं आणि गाणारी नको? मी नाही म्हणणार!"

मला गाणं शिकवलं माझ्या आत्याने. ती ऑर्केस्ट्रात गायची, म्हणून आजोबांनी तिला घराचं दार बंद केलं होतं.

सगळ्या गेल्यावर मी आत्याचा फोटो शोधला. इथे येऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून तो माझ्याच कपाटात साड्यांखाली होता. तिथे काही वहिनींनी नव्हता ठेवला.

आता तो चित्राशेजारी लावलाय. तुमच्या घरातली गाणारी कुठे आहे?